जोसेफचे बूट : सेवेला गेलेल्या माणसाचं पुस्तक साधन म्हणून कसं वाचायचं

पेट झाली, मुलाखतीचं पत्र आलं, आणि आता तुमच्यापुढे दोन-तीन पानांचा आराखडा लिहायचा आहे. विषय इतिहासाचा असो, समाजशास्त्राचा असो की सार्वजनिक आरोग्याचा, तुमच्या साधनांच्या यादीत एखादं तरी पुस्तक असं असणार, जे सेवा करायला दूर गेलेल्या माणसानं लिहिलंय. मिशनरी डॉक्टर, शिक्षिका, कार्यकर्ता, स्वयंसेवक. ही पुस्तकं वाचायला सोपी असतात, तपशिलांनी गच्च भरलेली असतात, आणि लिहिणारा माणूस चांगला असतो. यातलं तिसरं कारण सगळ्यात धोक्याचं. माणूस चांगला आहे म्हटल्यावर आपण त्याचं म्हणणं तपासत नाही. किंवा मग एक दिवस त्याच्या पुस्तकातलं एखादं भयंकर वाक्य सापडतं आणि आपण पुस्तकच फेकून देतो. माझ्या हातून दोन्ही झालंय, त्याच क्रमानं. म्हणून हा लेख.

पुस्तक आहे अल्बर्ट श्वाइत्झरचं. त्याच्या जर्मन शीर्षकाचा अर्थ साधारण ‘पाणी आणि आदिम अरण्य यांच्या मधोमध’ असा होतो. मराठी वाचकाला श्वाइत्झर नवा नाही. सुमती देवस्थळे यांनी त्याचं चरित्र लिहिलं, ते अनेक घरांत आणि शाळांच्या कपाटांत आहे. मीही आधी तेच वाचलं, शाळेत असताना, आणि बराच काळ माझ्या डोक्यात श्वाइत्झर म्हणजे पांढरी हॅट घातलेला एक संत होता. मूळ पुस्तक इंग्रजी भाषांतरातून हातात आलं ते पीएचडीच्या पहिल्या वर्षी.

थोडी पार्श्वभूमी. श्वाइत्झरचा जन्म 1875 चा, आल्सासमधला. तो भाग तेव्हा जर्मनीत होता. तिशीच्या आत तो स्ट्रासबर्गमध्ये धर्मशास्त्राचा अध्यापक, उत्तम ऑर्गनवादक आणि बाखवरच्या ग्रंथाचा लेखक झालेला होता. 1904 मध्ये पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशन सोसायटीच्या मासिकात त्यानं एक आवाहन वाचलं. मध्य आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतीत, आजच्या गॅबोनमध्ये, मिशनला माणसं हवी होती. 1905 मध्ये त्यानं घरच्यांना आणि मित्रांना पत्रं टाकून कळवलं की मी आता वैद्यक शिकणार आणि डॉक्टर म्हणून तिकडे जाणार. ओळखीच्या लोकांनी वेड्यात काढलं. गंमत म्हणजे खुद्द मिशनलाही तो नको होता. त्याची धर्ममतं त्यांना फार उदार वाटायची. शेवटी तडजोड झाली ती अशी : खर्च स्वतःचा स्वतः उभा करीन, फक्त डॉक्टर म्हणून काम करीन, प्रवचन करणार नाही. (तिथे पोचल्यावर तिथल्याच मिशनऱ्यांनी त्याला या शेवटच्या अटीतून मोकळं केलं.) म्हणजे आजच्या भाषेत तो मिशनचा पगारी माणूस नव्हता. चर्चच्या आवारात राहणारा, चर्चच्या जागेवर काम करणारा, पण स्वतःच्या पैशानं आलेला स्वयंसेवक होता. ही स्थिती नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

1913 च्या मार्चमध्ये तो आणि पत्नी हेलेन निघाले आणि एप्रिलमध्ये ओगोवे नदीवरच्या लाम्बारेनेला पोचले. पहिली तपासणीची खोली म्हणजे कोंबड्यांचं जुनं खुराडं. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झालं. फ्रेंच वसाहतीतले जर्मन नागरिक म्हणून दोघांना आधी घरातच नजरकैद झाली आणि 1917 मध्ये फ्रान्सला नेऊन छावणीत ठेवलं. पुस्तक आलं त्यानंतर. 1920 मध्ये श्वाइत्झर स्वीडनला व्याख्यानं द्यायला गेला होता. डोक्यावर कर्ज होतं, त्यातलं काही त्या मिशन सोसायटीचंच. व्याख्यानं आणि ऑर्गनच्या मैफलींतून ते फिटत गेलं, आणि एका स्वीडिश प्रकाशकासाठी त्यानं हे पुस्तक लिहिलं. आधी स्वीडिश, मग जर्मन, मग इंग्रजी. त्यातला बराचसा मजकूर तो आफ्रिकेतून देणगीदार मित्रांना पाठवत असलेल्या अहवालांवर उभा आहे.

तर मी काय केलं ते सांगते. माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद होता, ‘स्थानिकांच्या आजाराविषयीच्या समजुती’ नावाचा. त्यात मी श्वाइत्झरच्या पुस्तकातून उचललं होतं : रुग्णांना वाटायचं की आजार म्हणजे शरीरात शिरलेला किडा, किंवा कुणीतरी केलेली करणी, त्यांना डॉक्टर म्हणजे मंत्रशक्तीचा माणूस वाटायचा. खाली पृष्ठक्रमांक दिले होते, सगळं रीतसर. आमच्या मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला.

“हे रुग्ण त्याला कुठल्या भाषेत म्हणाले?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मॅडम म्हणाल्या, “पुस्तकातच आहे. जा, शोधा.”

आणि खरंच पुस्तकातच होतं. लाम्बारेनेच्या परिसरात मुख्यतः दोन समाज राहत होते, गालोआ आणि फांग. श्वाइत्झर यांपैकी कुठलीच भाषा बोलत नव्हता, आणि पुढे आयुष्याची इतकी वर्षं तिथे काढूनही काम दुभाष्यांवरच चाललं. मिशननं एक शाळामास्तर दुभाष्या म्हणून कबूल केला होता, पण तो गावी वारसाहक्काच्या तंट्यात अडकला. मग आला जोसेफ आझोआवानी. तो युरोपियनांकडे स्वयंपाकी होता, तिथेच फ्रेंच शिकलेला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांचा नुसता आकार लक्षात ठेवून तो अचूक बाटली काढून द्यायचा. आणि शरीराचे अवयव तो सांगायचा ते स्वयंपाकघरातल्या फ्रेंचमध्ये. बाईची डावी बरगडी दुखत असेल तर जोसेफच्या तोंडी खाटकाच्या फळीवरच्या तुकड्याचं नाव यायचं.

हा भाग वाचताना सगळे हसतात. श्वाइत्झरही आपल्याला हसवायलाच सांगतोय. मीही हसले होते, आणि हसून पुढे गेले होते. तिथेच चुकलं. आता पुन्हा बघा. गालोआ बोलणारी एक बाई आपलं दुखणं सांगते. एक स्वयंपाकी ते मटणाच्या फ्रेंचमध्ये आणतो. आल्सासचा डॉक्टर ते ऐकून वहीत जर्मनमध्ये टिपतो. सहा-सात वर्षांनी ती टिपणं स्वीडिश वाचकांसाठी पुस्तक होतात. मी ते इंग्रजीतून वाचते आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या डोक्यानं पुण्यात बसून लिहिते : ‘स्थानिकांची समजूत अशी होती की...’ या वाक्याला आधार काय? बाईनं ‘किडा’ म्हटलं होतं का? की दुखणं कसं सरकतंय ते सांगायला तिच्या भाषेत असलेला तो वाक्प्रचार होता? आपल्याकडे ‘पोटात आग पडलीय’ म्हणणाऱ्या माणसाबद्दल कुणी ‘पोटात अग्नी असतो अशी यांची श्रद्धा’ असं लिहिलं तर आपण काय म्हणू?

बरं, ही चूक फक्त शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरची नाही, म्हणून थोडं स्वतःविषयी. एमए करताना मी एका संस्थेच्या आरोग्य शिबिराला स्वयंसेवक म्हणून जात असे, आदिवासी तालुक्यात. एका शिबिराला चारच माणसं आली. संध्याकाळी मी वहीत लिहिलं : ‘आरोग्याबाबत उदासीनता. भगताकडे जाण्याची प्रवृत्ती.’ ती वही अजून आहे माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी तिथल्या आशाताईंनी सहज सांगितलं, “ताई, काल सगळी आवणीला गेली होती. पाऊस लागलाय ना.” भात लावायचे दिवस होते, आणि शिबिराची तारीख शहरातल्या डॉक्टरांच्या सुट्टीवर ठरली होती. म्हणजे चूक आमच्या कॅलेंडरची आणि दोष गावाच्या मनाला. श्वाइत्झरला नावं ठेवण्याआधी ती वही उघडून बघायची मी सवय लावून घेतलीय.

आता दुसरी चूक. मॅडमच्या प्रश्नानंतर मी उलट्या टोकाला गेले. पुस्तकात एक कुप्रसिद्ध जागा आहे. तिथे श्वाइत्झर गोरा आणि काळा यांचं नातं भावाभावांचं सांगतो, पण गोऱ्याला थोरल्याची जागा देतो. काळा माणूस त्याच्या लेखी मुलासारखा, आणि मुलांशी अधिकारानंच वागावं लागतं. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी 1975 मध्ये अमेरिकेत दिलेल्या, कॉनराडच्या कादंबरीवरच्या व्याख्यानात या विधानाचा नेमका समाचार घेतलाय. उदार माणूससुद्धा समानतेच्या उंबरठ्यापर्यंत येतो आणि ऐनवेळी बाजूच्या दारानं निसटतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख आहे. ते वाचल्यावर मी सिनॉप्सिसमधून श्वाइत्झर पूर्ण काढून टाकला. ‘वसाहतवादी दृष्टी’ असा एक शेरा मारला की काम झालं, असं वाटलं.

मॅडमनी तेही परत केलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही (आमच्याकडे तशी पद्धत आहे, मी वैतागायची). मला उत्तर मिळालं ते दुसऱ्याच पुस्तकात.

नॅन्सी रोझ हंट यांचं ‘अ कलोनिअल लेक्सिकॉन’, 1999 मध्ये आलेलं. तुम्ही वैद्यकाच्या इतिहासात काही करणार असाल तर हे वाचल्याशिवाय मुलाखतीला जाऊ नका. बेल्जियन काँगोत, काँगो नदीकाठी याकुसू नावाचं ठाणं होतं, ब्रिटिश बाप्टिस्ट मिशनचं. तिथलं चर्च, शाळा, दवाखाना, बाळंतपणं यांचा हा इतिहास आहे. हंट स्वतः तिथे जाऊन राहिल्या, लोकांशी बोलल्या, आणि मिशनऱ्यांचे कागदही वाचले. त्यांची मुख्य कल्पना म्हणजे ‘मधली माणसं’ : परिचारक, सुईणी, शिक्षक-प्रचारक. युरोपियन डॉक्टर आणि गावकरी यांच्या मधोमध उभी असलेली ही माणसंच वसाहतीतलं वैद्यक प्रत्यक्षात चालवत होती, त्याचा अर्थ लावत होती, त्याला गावात घेऊन जात होती. आणि ही माणसं कागदात सापडतात कशी? त्यांच्या वस्तूंमधून. प्रकरणांची नावंच बघा : मगरी आणि संपत्ती, डॉक्टर आणि विमानं, जेवण आणि शस्त्रक्रिया, परिचारक आणि सायकली. मिशनऱ्याच्या घरी टेबल मांडायला, सुरी-काटे स्वच्छ ठेवायला शिकलेला मुलगा आणि शस्त्रक्रियेच्या टेबलाशी हत्यारं हातात देणारा मुलगा यांच्यात फार अंतर नसतं, हे त्या एका प्रकरणात दाखवतात.

इथे मला जोसेफ आठवला. स्वयंपाकी, जो लांब रबरी हातमोजे घालून श्वाइत्झरला शस्त्रक्रियेत मदत करत होता!

मग श्वाइत्झरचं पुस्तक पुन्हा काढलं आणि या वेळी विशेषणं सोडून दिली. ‘आळशी’, ‘बालिश’, ‘विश्वासू’, ‘कृतघ्न’ हे सगळे शब्द वगळले. फक्त नामं, क्रिया आणि आकडे ठेवले. कुणी कुणाला काय दिलं, किती वाजता, कुठे उभं राहून, किती फ्रँक. हा काही माझा शोध नाही. जुनी कागदपत्रं वाचणारे लोक हे नेहमीच करतात. पण करून बघेपर्यंत त्यातून किती निघतं ते कळत नाही. पुस्तक एकदम दुसरंच दिसायला लागतं.

उदाहरणार्थ सकाळचे नियम. दवाखाना उघडताना जोसेफ आणि दुसरे मदतनीस दोन भाषांतून नियम ओरडून सांगायचे : डॉक्टरांच्या घराजवळ थुंकायचं नाही. मोठ्यानं बोलायचं नाही. एका दिवसाचं जेवण बरोबर आणायचं, कारण सगळ्यांचा नंबर सकाळी लागेलच असं नाही. परवानगीशिवाय मिशनच्या आवारात रात्री राहायचं नाही. औषधाच्या बाटल्या आणि डबे परत आणायचे. प्रत्येक रुग्णाच्या गळ्यात दोरीला बांधलेली पुठ्ठ्याची चकती, तिच्यावर नंबर. तो नंबर वहीत बघितला की नाव, आजार, दिलेलं औषध सगळं सापडायचं. हे सगळं श्वाइत्झर स्वतःच्या शिस्तीचं कौतुक म्हणून सांगतो. पण संशोधकासाठी हे सोनं आहे, कारण इथे लोकांच्या मनात काय आहे याचा अंदाज नाही, संस्था लोकांकडून काय मागते ते आहे. आणि प्रत्येक नियम कशावर तरी उत्तर म्हणून आलेला असतो. बाटल्या परत आणा असं रोज ओरडावं लागतं, याचा अर्थ लोक बाटल्या ठेवून घेत होते. म्हणजे बाटलीला गावात काही किंमत होती. आवारात राहू नका म्हणावं लागतं, याचा अर्थ लोक राहत होते. एकटे नव्हे, नातेवाइकांसकट. आजारी माणसाबरोबर घर येणार, चूल मांडणार, ही पद्धत लोकांची होती आणि दवाखान्याला तिच्याशी जमवून घ्यावं लागलं.

यावर एक पोटप्रश्न आहे. पुढे 1950-60 च्या दशकांत युरोपातून आलेल्या पाहुण्यांनी लाम्बारेनेच्या दवाखान्यावर टीका केली : गलिच्छ आहे, कोंबड्या-बकऱ्या फिरतात, नातेवाईक तिथेच रांधतात. टीकेत तथ्य होतंच. पण आपल्याकडच्या कुठल्याही जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात जो रात्र काढून आलाय, त्याला नातेवाइकांचा डबा आणि सतरंजी बघून लगेच ‘मागासलेपण’ सुचणार नाही. त्याला दिसेल की नर्सच्या वाट्याचं निम्मं काम कोण करतंय. हे श्वाइत्झरचं समर्थन म्हणून मी लिहीत नाहीये. टीकाकाराची वहीसुद्धा त्याच चाळणीतून काढावी लागते, एवढंच.

पुढे पैसे. श्वाइत्झर औषध फुकट देत नव्हता. ज्याला जमेल त्यानं पैसे, नाहीतर केळी, अंडी, कोंबड्या द्याव्यात अशी अपेक्षा होती. देणाऱ्याला मदतीची किंमत कळते, हे त्याचं कारण. पण तो एक विचित्र गोष्टही नोंदवतो : आतल्या जंगलातून आलेले काही रुग्ण बरे झाल्यावर जाताना उलट डॉक्टरकडेच भेट मागायचे, कारण आता तो त्यांचा मित्र झाला होता. पुस्तकात हा एक विनोदी प्रसंग आहे. मला वाटतं, सगळ्या पुस्तकातली ही सगळ्यात गंभीर जागा आहे. डॉक्टरला वाटतंय की इथे सेवा आणि तिची फी असा व्यवहार आहे. समोरच्याला वाटतंय की इथे एक नातं सुरू झालंय, आणि नात्यात मोठ्यानं, ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं, द्यायचं असतं. गोरा माणूस स्वतःला थोरला भाऊ म्हणवतो ना? मग थोरल्या भावानं पाठवणी करायला नको? पुस्तकात थोरलेपण आहे ते अधिकारापुरतं. देण्याघेण्याची वेळ आली की तो पुन्हा डॉक्टर होतो. अचेबेंचा मुद्दा इथे तत्त्वातून खाली येऊन प्रत्यक्ष व्यवहारात दिसतो. तो दिसावा म्हणून पुस्तक ठेवावं लागतं, फेकून चालत नाही.

आणि आता जोसेफचे बूट. एकदा श्वाइत्झर आणि जोसेफ एका व्यापाऱ्याच्या दुकानात जातात. तिथे जोसेफला चकाकत्या चामड्याचे बूट दिसतात. श्वाइत्झरच्या मते ते पॅरिसच्या दुकानाच्या काचेत उन्हानं वाळून कुजलेले होते आणि मग इकडे खपवायला पाठवलेले. दुकानदार गोरा, त्याच्यासमोर उघड बोलता येईना, म्हणून तो जोसेफला हळूच ढोसतो. बाहेर पडल्यावर उधळपट्टीबद्दल चांगली झाडणी करतो. दुसऱ्या दिवशी जोसेफ गुपचूप जाऊन तेच बूट घेऊन येतो. श्वाइत्झर पुढे सांगतो की जोसेफ आपली निम्मी कमाई कपडे, बूट, टाय आणि साखरेवर घालवतो आणि माझ्यापेक्षा झोकात राहतो.

हा परिच्छेद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा ‘खरंच, किती वायफळ’ असं वाटलं होतं. हंटच्या सायकली वाचल्यानंतर तसं वाटत नाही. दवाखान्यात जोसेफ कोण आहे? लोक त्याला डॉक्टरांचा माणूस म्हणून ओळखतात. त्याच्याशिवाय डॉक्टर बहिरा आणि मुका आहे. पण मिशनच्या आवारात तो ना मिशनरी, ना प्रचारक, ना शाळा शिकलेला. वाचता येत नसल्यानं चर्चच्या शिडीवर त्याला फारशा पायऱ्या नाहीत. त्याची जागा दाखवणारी एकच गोष्ट त्याच्या हातात आहे, ती म्हणजे त्याचा पोशाख. श्वाइत्झर फाटक्या कपड्यांत राहिला तरी त्याचं थोरलेपण कुणी काढून घेणार नव्हतं. साधेपणा हा त्याला परवडणारा शौक होता. जोसेफला नव्हता.

मग युद्ध सुरू होतं, युरोपातून येणारे पैसे थांबतात, आणि श्वाइत्झर जोसेफचा पगार महिन्याला 70 फ्रँकवरून 35 वर आणतो. तो म्हणतो, अगदीच नाइलाज होता. नाइलाज असेलही. जोसेफ नोकरी सोडतो. एवढ्या पैशांत काम करणं आपल्या इभ्रतीला शोभत नाही, असं कारण देतो. लग्नासाठी, मुलीच्या घरच्यांना द्यायला म्हणून साठवलेले 200 फ्रँक पेटीत होते, ते पेटी फोडून काही आठवड्यांत संपतात. पुस्तकात हा सगळा प्रसंग कसा आहे? एका विश्वासू पण पोरकट मदतनिसानं अडचणीच्या वेळी साथ सोडली, असा. ‘इभ्रत’ हा शब्द हलक्या विनोदासारखा येतो.

आता तोच प्रसंग आकड्यांत लिहा. एक कुशल कामगार. अनेक भाषा येतात, औषधं ओळखतो, शस्त्रक्रियेत हात देतो. मालक त्याचा पगार निम्मा करतो. कामगार जातो. यात न समजण्यासारखं काय आहे? आपल्याकडच्या कुठल्याही तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला विचारा.

इथे मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट कामाला येते. श्वाइत्झर स्वयंसेवक होता, जोसेफ नव्हता. पण श्वाइत्झर जोसेफला मोजतो तो स्वयंसेवकाच्या मापानं. मी सगळं सोडून आलो, मग तुला 35 फ्रँक का चालू नयेत? सेवाभावी संस्थांत ही फूटपट्टी सगळीकडे सापडते. ज्याला परतायला घर, नाव, पदव्या आहेत त्याचा त्याग, आणि ज्याला हीच नोकरी आहे त्याचा पगार, हे एकाच तराजूत घातलं जातं. सेवेवर, एनजीओंवर, मिशनवर, आश्रमांवर काम करणार असाल तर माझा आग्रह आहे की साधनांत सगळ्यात आधी पगारपत्रक शोधा. ते नसेल तर पुस्तकातल्या पगाराच्या तक्रारी शोधा.

हेलेनविषयीही हेच करता येतं. ती परिचर्येचं शिक्षण घेऊन आलेली. हत्यारं, पट्ट्या, कपडे तिच्याकडे, शस्त्रक्रियेत भूल देणारी तीच. त्याआधी स्ट्रासबर्गमध्ये अनाथ मुलांची देखरेख करणारी पालिकेची अधिकारी होती. पुस्तकात ती बहुतेक वेळा ‘माझी पत्नी’ आहे. पगार शून्य, म्हणून तक्रारही शून्य, आणि म्हणून जोसेफपेक्षाही कमी दिसते. या पद्धतीची मर्यादा इथे कळते : जिथे पैशाचा व्यवहारच नाही तिथे आकडे शोधणारा वाचक आंधळा होतो. तिच्यासाठी पत्रांकडे जावं लागतं.

हंटच्या पुस्तकालाही माझी एक हरकत आहे. वस्तूंमधून अर्थ काढताना त्या कधी कधी इतक्या दूर जातात की मगर, साबण, सुरी सगळं एकमेकांशी जोडलेलं दिसायला लागतं, आणि मग प्रश्न पडतो की हे जोडणं याकुसूच्या लोकांचं की लेखिकेचं. नवशिक्या संशोधकानं ती शैली उचलू नये. आपल्या हातात तेवढ्या मुलाखती नसतात, आणि उसनी चमक मुलाखतीच्या पॅनेलला दोन मिनिटांत कळते.

मग दुसरी बाजू कुठून आणायची? लाम्बारेनेच्या बाबतीत ती आता आहे. ओग्युस्तँ एमान या गॅबोनी अभ्यासकाचं फ्रेंच पुस्तक 2013 मध्ये आलं. श्वाइत्झरला एक ‘आफ्रिकी प्रतिमा’ म्हणून बघणारं. त्यात तिथल्या माणसांच्या आठवणी आहेत. माझं फ्रेंच कामचलाऊ, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचते, त्यामुळे वेग कमी आहे. पण एक गोष्ट लगेच जाणवली : तिथली माणसं ना अचेबेंसारखी रागावलेली आहेत, ना देवस्थळ्यांच्या वाचकासारखी भारावलेली. त्यांनी या गोऱ्या डॉक्टरला आपल्या चौकटीत बसवून घेतलंय, आपल्या वैद्यांच्या, शक्तीच्या, मोठ्या माणसांच्या कल्पनांमध्ये. याच्या उलट कॅमेरूनचे दिग्दर्शक बासेक बा कोभियो यांचा 1995 चा चित्रपट, ‘ल ग्राँ ब्लाँ द लाम्बारेने’, बराच कडवट आहे. दोन्ही आफ्रिकी, दोन्ही वेगळे. म्हणजे ‘स्थानिकांचा आवाज’ नावाची एकच वस्तू कुठे ठेवलेली नाही, की ती आणून सिनॉप्सिसमध्ये चिकटवली की झालं.

श्वाइत्झरच्या पुस्तकाविषयी शेवटी माझं मत विचाराल तर, साधन म्हणून ते त्याच्या सारख्या इतर अनेक पुस्तकांपेक्षा चांगलं आहे, आणि याचं श्रेय त्यालाच आहे. तो युरोपला श्रीमंत आणि आफ्रिकेला दारात पडलेला लाझार म्हणतो, आपल्या कामाला उपकार न म्हणता प्रायश्चित्त म्हणतो. लाकूडतोडीच्या धंद्यावर, रमवर, मजूरभरतीवर तो स्पष्ट लिहितो. आफ्रिकी माणूस आळशी आहे या गोऱ्या मळेवाल्यांच्या तक्रारीवर त्याचं उत्तर असं की त्याच्यावर तशी गरजच नसते, तो मोकळा माणूस आहे. आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या विरुद्ध जाणारे तपशील तो लपवत नाही. बूट, 35 फ्रँक, ती झाडणी, सगळं त्यानंच लिहून ठेवलंय. लपवणाऱ्या लेखकाशी आपण काहीच करू शकलो नसतो.

तुम्हाला सराव करायचा असेल तर जोसेफचं नाव येतं ती सगळी पानं काढा आणि एका कागदावर दोन रकाने पाडा : डाव्या बाजूला जोसेफनं काय केलं, उजवीकडे श्वाइत्झर त्याला काय म्हणाला. मग उजवा रकाना घडी घालून मागे दुमडा. आणि डाव्या रकान्यात एक ओळ आणखी भरा, ती पुढच्या काळातली आहे : 1924 मध्ये श्वाइत्झर लाम्बारेनेला परत आला, आणि जोसेफही दवाखान्यात परत कामाला लागला.